माझा हक्क नाही, तर माझी सही कशाला?

(औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त, बचत गटांच्या कार्यकर्त्यांचं एक दिवसाचं शिबिर झालं. 'रोजचं शिकणं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' या विषयावर तिथं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय तुम्ही फळ्यावर वाचलाच आहे. तो वाचून मागच्या ओळीतल्या एक आजी मघाशी मला म्हणाल्या, "ताई, आमची आहे ती बुद्धी कुणी विचारात घेत न्हाई, आन तुम्ही कृत्रिम बुद्धीचं काय सांगायलात?" आजी, तुमच्या या एका वाक्यावरच मी आज बोलणार आहे.

आधी माझ्याबद्दल. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून, म्हणजे गेली दहा-अकरा वर्षं, मी याच भागात काम करते. मी संगणकाची तज्ज्ञ नाही. गेल्या दीड वर्षात आमच्या काही गटांतल्या बायका मोबाइलवर हे एआय वापरायला लागल्या. त्यांना ते वापरायला मीच सांगितलं. त्यातून काय साधलं आणि कुठं आमचं चुकलं, तेवढंच मी सांगू शकते. चुकलं ते बरंचसं माझं चुकलं, तेही सांगते.

नांदेडला-परभणीला गेलं की 'व्यक्तिमत्त्व विकास' अशा पाट्या दिसतात. फाडफाड इंग्रजी बोला, आत्मविश्वास वाढवा, पुढे जा. आता तेच सगळं मोबाइलमध्ये आलंय. त्यात वाईट काही नाही. आपल्या मुलींना इंग्रजी यायलाच हवं. पण बाईच्या विकासाचा अर्थ आपल्या चळवळीनं थोडा वेगळा लावला. १८५५ मध्ये मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेत ती शिकली होती. शिकून तिनं काय केलं? प्रश्न विचारला, आणि तोही धर्माला. शिकण्याची आपली कसोटी तीच आहे. बाईला किती माहिती मिळाली यापेक्षा ती कुणाला, काय आणि किती निर्भयपणे विचारायला लागली, हे आपण बघतो. यंत्रालाही तीच कसोटी लावू.

धरण भरलं म्हणजे पाणी मिळालं का?

आपण धरणाच्या गावात बसलो आहोत, म्हणून तुमचंच उदाहरण घेते. वर पूर्णेवर येलदरी. तिथं वीज तयार होऊन पाणी खाली सिद्धेश्वरात येतं आणि इथून कालव्यानं रानांत जातं. पण धरण भरलं म्हणून टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं असं होत नाही. मध्ये गेट असतं, गेटवर माणूस असतो, वरचे लोक चारी फोडतात, आणि खालचा माणूस रात्रभर बांधावर बसून राहतो. ज्ञानाचं पाणीही असंच वाटलं गेलं. बाई कायम टेलला. तिला वाटतं, आता मोबाइल आलाय, गेट उघडलंय. थोडं उघडलंय, हे खरं आहे. पण कुणाच्या रानात किती जातंय, ते बघावं लागेल.

हे यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे त्याला देव तरी करतात नाही तर भूत तरी. चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्यानंतर तशी बरीच आली. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर या यंत्रांना पुरवलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा हिशोब यंत्रात बसतो. तुम्ही प्रश्न विचारला की त्या हिशोबानं ते एकापुढे एक शब्द मांडत जातं. म्हणून भाषा अगदी सफाईदार येते. पण सफाई वेगळी आणि खरेपणा वेगळा. आपल्याकडेही काही पुढारी फार सफाईनं बोलतात, म्हणून आपण त्यांचं सगळं खरं मानतो का?

दुसरी गोष्ट, तो पुरवलेला मजकूर बहुतांश इंग्रजी आहे. मराठी त्या मानानं थोडी. त्यातही बायांनी लिहिलेलं, शेतमजुरांनी लिहिलेलं, आपल्या परभणी-हिंगोलीच्या बोलीतलं किती असेल? ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या कागदावर आल्याच नाहीत, मग यंत्रात कुठून येणार?

व्याजाचा हिशोब

आता उपयोग सांगते, कारण उपयोग आहेच.

आमच्या एका गटातल्या चौघीजणींनी एका फायनान्स कंपनीकडून प्रत्येकी ३० हजारांचं कर्ज घेतलं होतं. बारा महिन्यांत फेडायचं, व्याज बारा टक्के. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. बायका म्हणायच्या, "गटापेक्षा कंपनी निम्म्यानं स्वस्त." गट मोडायची वेळ आली होती. मी तोंडी समजावून थकले होते. मग आम्ही एके दिवशी सगळ्याजणी बसलो आणि यंत्राला बोलून विचारलं, "तीस हजाराला बारा टक्के फ्लॅट म्हणजे काय? आम्हाला समजेल असं सांग."

त्यानं सांगितलं आणि चांगलं सांगितलं. फ्लॅट म्हणजे शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज पूर्ण तीस हजारांवर. सहा हप्ते भरले की मुद्दलातले पंधरा हजार परत गेलेले असतात, तरी व्याज तीस हजारांचंच चालू. म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. तेच बारा टक्के राहिलेल्या रकमेवर लावले असते तर १,९५० रुपये झाले असते. गटाचं शेकडा दोन राहिलेल्या रकमेवर असतं, त्याचे होतात ३,९००. म्हणजे कंपनीचं 'बारा टक्के' आणि गटाचं 'चोवीस टक्के' यांत फरक किती? तीनशे रुपये! कंपनीचा खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो. वर कागदपत्रांचा खर्च वेगळा. आणि गटाचं व्याज गटाच्याच पेटीत राहतं, ते वेगळंच.

हे आकडे काही पहिल्या फटक्यात आले नाहीत. एका खेपेला यंत्राची बेरीज चुकली. आमच्या सचिवबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी वहीत महिन्यावार मांडणी केली, तीस हजार, साडेसत्तावीस, पंचवीस, असं शेवटच्या अडीच हजारांपर्यंत. त्यांनी चूक पकडली आणि यंत्राला सुनावली. यंत्र लगेच म्हणालं, "क्षमस्व, तुमचं बरोबर आहे." बायका इतक्या हसल्या! एकजण म्हणाली, "इतक्या लवकर चूक कबूल करणारं घरात एक तरी असावं."

पण नंतर आम्ही एक गंमत केली. बरोबर उत्तरालाही मुद्दाम 'चूक आहे' म्हणालो. तरी ते माफी मागून उत्तर बदलायला लागलं! तेव्हा बायकांच्या लक्षात आलं की ही नम्रता काही कामाची नाही. जे आपल्याला हवं तेच बोलतं, त्याच्या 'हो'ला किंमत किती धरायची? त्या दिवसापासून आमच्या गटात नियम झाला: यंत्राला विचारायचं, पण वही बाजूला ठेवायची नाही.

आणि एक झालं. आकडे हातात आल्यावर बायकांना पुढचा प्रश्न सुचला, "खरा दर आम्हाला आधी का सांगितला नाही?" रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार अशा कर्जाचा वार्षिक दर आणि सगळे आकार कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावे लागतात. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. आम्ही नियमाचा मूळ कागद मिळवला, यंत्राकडून सोपा करून घेतला आणि पुन्हा मूळ कागदाशी ताडून पाहिला. पुढच्या वसुलीला बायकांनी त्या साहेबांना मराठीतला कागद मागितला. ज्या बाईनं आजवर हप्त्याच्या दिवशी खाली मान घालून पैसे दिले, ती कागद मागते, याला मी व्यक्तिमत्त्व विकास म्हणते.

दुधाळ्याची गोष्ट

आणखी एक छोटी गोष्ट. आपल्याच तालुक्यात दुधाळ्याला लायगोचा मोठा विज्ञान प्रकल्प होतो आहे. केंद्र सरकारनं २०२३च्या एप्रिलमध्ये त्याला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी. तिथं नेमकं काय होणार, हे गावात विचारलं तर दहा माणसं दहा गोष्टी सांगतात. आमच्या गटातल्या एका बाईची दहावीतली मुलगी. तिनं यंत्राला विचारलं, मग विज्ञानाच्या सरांकडून खात्री करून घेतली आणि गटाच्या बैठकीत आम्हा सगळ्यांना समजावलं. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात असतात, त्यांतून लेसरचा किरण जातो. दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी सूक्ष्म लाट उठते, ती त्यात मोजतात. अशी लाट पहिल्यांदा २०१५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत टिपली गेली.

एक आजी सगळं ऐकून म्हणाल्या, "मग पांगरा शिंद्याला जमिनीतून आवाज येतात, ते मोजतील का?" किती योग्य प्रश्न! २१ मार्च २०२४ला आपण सगळ्यांनीच ४.५ तीव्रतेचा धक्का अनुभवलाय. यंत्रानं सांगितलं की नाही, ते काम भूकंपमापकाचं. जमिनीची थरथर ही तर या प्रकल्पाला अडचणच, ती वेगळी काढावी लागते. हे बरोबर होतं. पण "आमच्याच भागात आवाज का येतात?" याचं उत्तर देताना त्यानं सगळीकडे लागू पडतील अशी चार कारणं ठामपणे सांगितली. मुलगी म्हणाली, "आजी, हे यानं कुठल्याही गावाला सांगितलं असतं." दहावीच्या मुलीला एवढं कळलं, याचा मला जास्त आनंद झाला.

मावशींची सही

आता मुख्य गोष्ट. ही सांगायला मला सोपं नाही.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. नाव-गाव सांगत नाही, त्यांनी परवानगी दिली तेवढंच सांगते. वय बावन्न-त्रेपन्न. लग्न १९९२ सालचं. माहेरी वडिलोपार्जित जमीन, पाठीवर दोन भाऊ. वडील वारले, वारस नोंदीची गोष्ट निघाली. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बहिणींना साडी घेतात, जेवायला घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही केली नाही तर माहेर तुटलं.

गटाच्या बैठकीत मीच सांगितलं होतं, "विचारा. कुणाला विचारायची लाज वाटत असेल तर यंत्राला विचारा. ते हसत नाही, रागावत नाही, कुणाला सांगत नाही." हे माझे शब्द. मावशी माहेरी लग्नाला गेल्या होत्या. त्यांच्याकडे साधा मोबाइल. भाच्याचा मोबाइल घेऊन त्यांनी बोलून विचारलं, "माझं लग्न ब्याण्णव साली झालं. बापाच्या जमिनीत माझा वाटा हाय का?"

यंत्रानं सांगितलं: महाराष्ट्रात १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क मिळाला, पण त्या कायद्याच्या आधी ज्यांची लग्नं झाली त्यांना तो लागू नाही. म्हणून तुम्हाला हक्क नाही.

गंमत अशी की यातलं पहिलं वाक्य खरं आहे. १९९४चा महाराष्ट्राचा कायदा तसाच होता, २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यानं वगळलं होतं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली. तिनं लग्न झालेली, न झालेली हा भेदच काढून टाकला. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानंच आहे, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही, एवढाच मुख्य अपवाद. यंत्र जुन्या कायद्यावर थांबलं आणि तेच आजचं म्हणून सांगून मोकळं झालं. अर्ध्या खऱ्यानं जितकं नुकसान होतं, तितकं पूर्ण खोट्यानं होत नाही.

पुढचं ऐका. मावशींनी प्रश्न विचारला आणि मोबाइल परत दिला. बोलणं तसंच मोबाइलमध्ये राहिलं. भाच्यानं ते वाचलं, बापाला दाखवलं. दुसऱ्याच दिवशी दोघं भाऊ कागद घेऊन आले. म्हणाले, "आक्का, तू आम्हाला न विचारता मोबाइलला विचारतीस? बघ, त्यानं पण सांगितलंय, तुझा हक्क न्हाई. कर सही."

म्हणजे बघा, बाईनं मोकळेपणी विचारता यावं म्हणून मी जे साधन सुचवलं, त्यानंच तिचा प्रश्न भावांपर्यंत पोचवला आणि वर त्यांच्या हातात दाखला दिला. आजवर म्हणायचे 'पोथीत लिहिलंय', आता म्हणाले 'मोबाइलमध्ये लिहिलंय'.

मावशी मला सांगत होत्या, "ताई, मी कागदाकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं. आन मी त्यांला म्हणलं, माझा हक्कच न्हाई, तर माझी सही कशाला पाहिजे तुम्हाला?"

मैत्रिणींनो, मी हे ऐकलं आणि गप्प बसले. मी समाजकार्याची पदवी घेतली, कायद्याची शिबिरं घेतली, आणि हा प्रश्न मला सुचला नसता. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. यंत्रामागे अख्ख्या जगाचा मजकूर होता, पण त्या घरात काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं. मावशींना दिसत होतं. आजी, तुम्ही मघाशी म्हणालात ना, आमची बुद्धी कुणी विचारात घेत नाही? ही ती बुद्धी.

मावशींनी सही केली नाही. "घरी विचारून सांगते" म्हणून निघून आल्या आणि थेट गटात आल्या. आम्ही तालुका विधी सेवा समितीत गेलो. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. वकिलांनी सातबारा आणि फेरफार पाहिले, आधी वाटणी झालेली नाही याची खात्री केली आणि सांगितलं, हक्क आहे.

पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. वाटा अजून मिळालेला नाही. गेल्या भाऊबीजेला भाऊ आले नाहीत. मावशी त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. फार काही बोलल्या नाहीत. हक्क मागण्याची किंमत बाई कशी मोजते, ते यंत्राला काय, वकिलालाही विचारून कळणार नाही. मी त्यांना शिकवलं की विचारा. पण विचारल्यावर पुसायचं कसं, उत्तर ताडायचं कुणाकडे आणि आपला मोबाइल नसेल तर काय, हे शिकवलं नाही. ती चूक माझी.

मोबाइल कुणाचा?

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण बायकांपैकी साधारण २५ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. ग्रामीण पुरुषांत हेच प्रमाण जवळजवळ ४९ टक्के. त्यानंतर मोबाइल वाढले, पण घरातला चांगला मोबाइल आजही नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या खिशात असतो. लाडकी बहीण योजनेचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, ते आठवा.

आणि मोबाइल हातात नसला तरी हे तंत्र आपल्यापर्यंत येतंच. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरपोच आहार देताना मोबाइलनं चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. आमच्या सेविकाताई उन्हात उभ्या राहून फोटो काढतात, चेहरा जुळेना की बाईही वैतागते आणि ताईही. चेहरा बघणाऱ्या यंत्रांची एक परीक्षा २०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायांनी घेतली होती. चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांत चुका शंभरात एकाहून कमी, सावळ्या-काळ्या बायांत शंभरात चौतीसपर्यंत. ती यंत्रं वेगळी होती, आपलं वेगळं आहे. पण यंत्रात कुणाचे चेहरे भरले आणि कुणाचे राहिले, हा प्रश्न तोच आहे. चेहरा जुळला नाही म्हणून गरोदर बाईचा आहार थांबता कामा नये, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

भाषेचंही तेच. इंग्रजीत डॉक्टर आणि नर्स यांना लिंग नाही. मराठी करायला सांगा, बहुतेक वेळा 'डॉक्टर आला' आणि 'नर्स आली'. युनेस्कोनं २०२४च्या मार्चमध्ये अशा यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका यंत्रानं बायकांना घरकामात दाखवण्याचं प्रमाण पुरुषांच्या चौपट होतं. हे यंत्राच्या मनातलं नाही, त्याला मन नाही. आपल्याच समाजानं लिहून ठेवलेलं ते आपल्याला परत वाढतंय.

म्हणून एक इशारा. आमच्याकडच्या एका तरुण मुलीनं रात्री यंत्राला सांगितलं की नवरा मारतो. उत्तर आलं, शांतपणे संवाद साधा, त्यांचा ताण समजून घ्या. पुढे कुठंतरी हेल्पलाइनचा उल्लेख होता, पण तोवर तिनं वाचणं सोडलं होतं. 'समजून घे' हे तिला सासूनं सांगितलं होतं, आईनं सांगितलं होतं, आता यंत्रानंही सांगितलं. मार ही ताणाची गोष्ट नाही, तो गुन्हा आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत. रात्री बोलायला कुणी नाही म्हणून ती यंत्राशी बोलली. मग आपण तिच्या बोलण्याच्या अंतरावर का नव्हतो, हे आपण आपल्याला विचारायला हवं.

आम्ही काय ठरवलं

मावशींच्या प्रसंगानंतर आम्ही गटांत बसून काही गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर घ्या, नाही तर बदला.

एक. शक्यतो गटात बसून विचारायचं. एकीनं विचारायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं, एकीनं वहीत लिहायचं. वाचता न येणारी बाई यात मागे पडत नाही, उलट तिचेच प्रश्न जास्त नेमके असतात.

दोन. कायदा, औषध आणि पैसा या तीन गोष्टींत यंत्राचं उत्तर शेवटचं मानायचं नाही. 'हे कोणत्या कायद्यात आहे, कोणत्या सालच्या, नंतर बदल झाला का' असं उलटून विचारायचं आणि मग वकील, आरोग्य केंद्र, बँक यांच्याकडून ताडून घ्यायचं.

तीन. दुसऱ्याच्या मोबाइलवर घरातलं काही विचारायचं नाही. विचारलंच तर संभाषण पुसायचं. आणि मोबाइलमधून पुसलं म्हणजे कंपनीकडून लगेच पुसलं जातंच असं नाही, हेही लक्षात ठेवायचं. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, स्वतःचे-मुलींचे फोटो त्यात घालायचे नाहीत. फोटो बिघडवून कुणी धमकावलं तर लाज त्याची आहे, बाईची नाही. १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करायची, गटानं तिच्याबरोबर जायचं.

चार. मारहाण, जिवाची भीती, आत्महत्येचा विचार, अशा वेळी यंत्र नाही, माणूस. प्रत्येक गटात दोघींचे क्रमांक ठरलेले, रात्री-बेरात्री उचलायचे.

पाच. यंत्रानं दिलेलं उत्तर पटलं नाही तर आपली शंका खरी धरून चालायचं. 'मला कळत नसेल' असं म्हणायची आपल्याला फार जुनी सवय आहे, ती सोडायची.

ग्रामसभेत बोलायचा सराव करा, अर्ज लिहून घ्या, हळदीच्या पाकिटावर काय छापायचं ते विचारा, मुलीचं गणित समजून घ्या. आमच्या एक काकू रोज एक इंग्रजी शब्द शिकतात आणि नातवाला विचारतात. हे सगळं करा, खुशाल करा. यंत्र हसत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. आपल्याला आजवर हसूनच गप्प बसवलं. पण ते आपल्या बाजूला उभंही राहत नाही. सहीच्या वेळी, कोर्टाच्या पायरीवर, भाऊबीजेच्या दिवशी, बाईशेजारी बाईच लागते.

मावशी आज इथं आलेल्या आहेत. कुठल्या ओळीत बसल्यात ते मी सांगणार नाही. गेल्या महिन्यात त्यांनी गटाच्या मोबाइलवर पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आम्ही सगळ्याजणी भोवती बसलो होतो. विचारताना त्यांनी २००५चा कायदा आणि २०२०चा निकाल स्वतःच्या तोंडानं सांगितला. यंत्र म्हणालं, "तुमचं बरोबर आहे, तुम्हाला हक्क आहे." मावशी म्हणाल्या, "ते आता मला ठाऊक हाय. पुढचं सांग, अर्ज कसा लिहायचा."

पुढचं विचारत राहू या.